सहावा किलोमीटर

(नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांच्या एकत्रित बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



आजच्या बैठकीत घरातला हिंसाचार, रेशन आणि एकट्या राहणाऱ्या बायकांचा जमिनीवरचा हक्क असे विषय आहेत. त्यात सायकलच्या शर्यतीचं काय काम, असं काही जणींना वाटलं असेल. सकाळी एक जण मला म्हणालीही, "ताई, जेवणानंतरची वेळ आहे, जरा हलकंफुलकं बोला." मी फार लांबवणार नाही. पण विषय हलका आहे असं मला वाटत नाही.

मी नांदेडच्या एका हौशी सायकल टीममध्ये आहे. हौशी म्हणजे पगार नाही, प्रायोजक नाही, ट्यूब-टायर ज्याचे त्यानं घ्यायचे. टीममध्ये पुरुष जास्त, आम्ही बायका-मुली सात जणी. एक नर्स, दोन शिक्षिका, एक शिवणकाम करणारी आणि तीन कॉलेजच्या मुली. आठवड्यातून तीन दिवस पहाटे पाचला निघतो. कधी विष्णुपुरी, कधी आसना नदीचा पूल ओलांडून अर्धापूरकडे, रविवारी लोह्याच्या रस्त्यानं. वर्षातून तीन-चार वेळा शेजारच्या जिल्ह्यांत शर्यतींना जातो. बक्षिसं फारशी मिळालेली नाहीत, तेव्हा ही यशाची कहाणी म्हणून ऐकू नका.

सायकल आणि स्त्रिया हा विषय चळवळीला नवा नाही. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरतेची मोहीम चालली. तिथल्या कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा त्या मोहिमेचाच भाग केला. लाखाच्या घरात बायका सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, दगडखाणीत काम करणाऱ्या होत्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या आणि पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून त्याच पसंत केल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की तिथे माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी जवळजवळ एक तृतीयांशानं वाढली, आणि जिथे शाळा लांब होती तिथे फरक जास्त पडला.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी सायकलची योजना आली. अट अशी, की घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावं. त्याहून लांबच्या मुलींसाठी बसची सोय. आपल्यापैकी कित्येकींनी या सायकली गावागावांत वाटल्या जाताना पाहिल्या आहेत. सायकल आली म्हणून शाळा सुटली नाही अशा मुली आपल्याला माहीत आहेत. त्याचं मोल मी कमी करत नाही.

पण या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. बाईची सायकल नेहमी कशासाठी तरी असते. शाळेसाठी, पाण्यासाठी, कामासाठी, वर्गासाठी. लातूरला ट्यूशन एरियात संध्याकाळी उभं राहून बघा. बाहेरगावाहून खोली करून राहिलेल्या किती तरी मुली सायकलवर दिसतात. खोली ते शिकवणी, शिकवणी ते मेस, मेस ते खोली. तीच मुलगी रविवारी औशाच्या किल्ल्यापर्यंत सायकल मारून येते म्हणाली, तर घरचे विचारतात, "कशाला?" योजनेतले पाच किलोमीटर सरकारच्या हिशेबासाठी आहेत, त्याला माझी तक्रार नाही. पण तो आकडा आपल्या घरांत आधीपासूनच होता. कामापुरतं जा, सरळ परत ये. सहाव्या किलोमीटरला कारण द्यावं लागतं.

शर्यतीत बाई कारण न देता रस्त्यावर असते. तिला कुठे पोचायचं नसतं, काही आणायचं नसतं. तिला फक्त जोरात जायचं असतं, आणि तेही सगळ्यांच्या देखत. म्हणून शाळेच्या सायकलला हरकत न घेणारी माणसंसुद्धा शर्यतीच्या सायकलला हरकत घेतात.

ही हरकत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८९३ साली टेसी रेनॉल्ड्स नावाची सोळा वर्षांची मुलगी ब्रायटनहून लंडनला जाऊन साडेआठ तासांत परत आली. अंतर १२० मैलांच्या आसपास. चर्चा झाली ती तिच्या कपड्यांची, कारण तिनं घोळदार झगा न घालता विजारीसारखा पोशाख केला होता. आम्ही ढोपरापर्यंतची सायकलची चड्डी घालतो तेव्हा चहाच्या टपरीवर जे ऐकू येतं, ते सव्वाशे वर्षांनंतरही फार वेगळं नाही. ओढणी चेनमध्ये अडकून पडलेली मुलगी सगळ्यांना चालते. ओढणीच नसलेली चालत नाही.

आता अंतराचं बघा. पुरुषांची सायकल शर्यत ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून आहे. बायकांची रस्त्यावरची शर्यत आली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. पुरुषांना १९० किलोमीटर, बायकांना ७९. पॅरिसला २०२४ मध्ये पुरुषांना २७३ आणि बायकांना १५८. घड्याळाविरुद्धची एकेकट्याची शर्यत मात्र तिथे दोघांनाही ३२.४ किलोमीटरचीच होती. म्हणजे अंतर सारखं ठेवता येतं, ठेवायचं मनात असेल तर. लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' नावाच्या सफरी भारतातही होतात. त्यांना शर्यत म्हणत नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे. तिथे बाईला वेगळं अंतर नाही आणि वेगळी वेळही नाही. बायका ते करतात.

आणि आपल्याकडची पत्रकं? मागे एका स्पर्धेचं पत्रक माझ्या हाती आलं. आयोजकांचं नाव सांगत नाही, कारण या बाबतीत पत्रकं पुष्कळदा अशीच असतात. पुरुष गट, पन्नास किलोमीटर, रोख बक्षीस. त्याखाली 'महिला फेरी', दहा किलोमीटर, सहभागी होणाऱ्या प्रत्येकीला भेटवस्तू. भेटवस्तू म्हणजे डबा निघाला. आम्ही दर रविवारी साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्या बायका. आम्ही आयोजकांना भेटलो आणि म्हणालो, आम्हाला पन्नास द्या. ते म्हणाले, "ताई, बायकांना काही झालं तर जबाबदारी आमच्यावर." पुरुषांना काही झालं तर जबाबदारी कुणाची, याचं उत्तर मिळालं नाही.

मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत आले आहेत. महाराष्ट्रात सायकल शर्यत म्हटलं की लोकांना हा किताब आठवतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात मोठी आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तीही पुरुषांचीच. पण महाराष्ट्रात मुली कमी आहेत का? २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रॅकवर जोरात धावणाऱ्या मुलींमध्ये मयुरी लुटे आणि शुशिकला आगाशे होत्या. दोघी भंडारा जिल्ह्यातल्या. भंडारा हा धानाचा जिल्हा, महानगर नव्हे. संगमनेरची प्रणिता सोमण आहे, कोल्हापूरकडची पूजा दानोळे आहे. तेव्हा 'आपल्या मागास भागात हे कुठून होणार' हे कारण टिकत नाही. भंडाऱ्याला झालं ते लोहा, मुखेड, चाकूर, निलंग्याला का होणार नाही?

काय आडवं येतं, ते मी टीममधल्या अनुभवावरून सांगते.

पहिलं, शरीराबद्दलची भीती. सायकल मारली तर पडदा फाटतो, पिशवी खाली येते, मूल होत नाही, पाळीत तर मुळीच बसू नये. मुली हे कुजबुजत विचारतात, आया उघड बोलतात. आपण आरोग्य शिबिरात या गोष्टी स्पष्ट बोलायला पाहिजेत. योनीपटलावरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही. सायकलनं गर्भाशय खाली सरकत नाही. पाळीत त्रास नसेल तर सायकल चालवायला हरकत नाही.

पण शरीराचा एक खरा प्रश्न आहे आणि त्याची कुणाला भीती वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. चढावर दम लागतो तो फुप्फुसं लहान म्हणून नव्हे. रक्तात लोह कमी, म्हणून पायांपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही. आमच्या टीममध्ये एक मुलगी सारखी मागे पडायची. सगळे म्हणत, हिच्यात जिद्द नाही. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घरी डाळ, अंडी, पालेभाजी तिच्याही ताटात पडते का याकडे आम्ही लक्ष ठेवलं. चार महिन्यांनी ती माझ्या पुढे गेली.

दुसरं, रस्ता. तुळजापूर–नागपूर महामार्गावर लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा पट्टा आहे. रस्ता रुंद झाला, तशी वाहनंही वाढली. उसाच्या हंगामात मागचे दिवे नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंधारात चालतात. मोटरसायकलवाली पोरं शेजारी येऊन वेग कमी करतात. एकटीनं जायला भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून टीम लागते.

टीम म्हणजे नुसती सोबत नव्हे. पुढच्या सायकलच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं, तर मागचीला वारा कमी लागतो. पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणून एक जण पुढे राहून वारा झेलते, दोन-तीन मिनिटांनी बाजूला होऊन शेपटाला जाते, मग दुसरी पुढे येते. पुढची खड्डा दिसला की हातानं दाखवते. मागचीला तो दिसत नाही, तिला हातावर विश्वास ठेवावा लागतो. सुरुवातीला आमच्या मुली पुढे यायलाच तयार नव्हत्या. नर्सबाई मात्र पुढून हटायला तयार नव्हत्या. पाळी सांभाळायला आम्हाला वर्ष लागलं. तुमच्या गटांमध्ये अध्यक्षपदाचं जे होतं, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

तिसरं, आणि सगळ्यात अवघड. कनिष्ठ गटाच्या शर्यती सतरा-अठराव्या वर्षांपर्यंतच्या असतात. त्याच वयात आपल्याकडे मुलीचं लग्न ठरतं. याच सर्वेक्षणात नांदेडच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ज्या वयात पाय तयार होतात, त्याच वयात मुलगी सासरी.

आमच्या टीममधली सगळ्यात जोरात जाणारी मुलगी सतरा वर्षांची. गेल्या वर्षी तिची सोयरीक जुळत आली. पाहुणे येणार, म्हणून आधी सायकल बंद. आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. पहिल्यांदा चहा मिळाला, दुसऱ्यांदा तोही नाही. कायदा काय सांगतो ते सांगितलं, बालविवाह झाला तर कुणाकुणावर गुन्हा होतो तेही सांगितलं. तिच्या आईनं आम्हाला दारापर्यंत सोडताना हळूच विचारलं, "अठरा व्हायला किती महिने आहेत?" लग्न लांबलं आहे. मोडलेलं नाही. मुलगी सायकल चालवते, पण सायकल माझ्या पडवीत असते. घरच्यांना ती दारात उभी दिसायला नको आहे. पहाटे ती माझ्याकडे चालत येते आणि इथून निघते. याला विजय म्हणायचं की नाही, मला ठरवता येत नाही. पण अजून ती निघते आहे.

तेव्हा तुमच्याकडे मागणं आहे. योजनेतून आलेली सायकल महिन्यात पंक्चर होऊन भिंतीला टेकते, कारण दुरुस्तीसाठी भावाची वाट बघायची असते. प्रत्येक गटानं एक पाना, सोल्यूशन आणि पंप घ्यावा. पंक्चर काढणं आणि उतरलेली चेन चढवणं मुलींना शिकवावं. चाकाचा आउट काढायचा असेल तर गावातल्या सायकलवाल्याला शिबिरात बोलवावं. आरोग्य शिबिरात मुलींचं हिमोग्लोबिन तपासावं. आपल्या जिल्ह्यात स्पर्धेचं पत्रक निघालं, की बायकांचं अंतर आणि बक्षीस काय आहे ते वाचून आयोजकांना लेखी विचारावं. एकटीनं विचारलं तर हसतात, चार गटांचं पत्र गेलं तर उत्तर द्यावं लागतं.

आणि एक आमंत्रण. नांदेड आणि लातूरच्या साधारण मधोमध अहमदपूर आहे. येत्या हिवाळ्यात नांदेडहून आम्ही निघू, लातूरहून तुमच्या मुली निघू देत. सायकल कसली, गिअरची की योजनेतली काळी, हा प्रश्न नाही. जिला सगळं अंतर झेपणार नाही, तिनं वाटेत सामील व्हावं. अहमदपूरला भेटू, भाकरी खाऊ आणि परत फिरू. घरी कुणी विचारलं, "कशाला गेली होतीस?" तर काय सांगायचं, ते प्रत्येकीनं आपलं ठरवावं.