आदल्या रात्रीची न्याहारी



मे महिन्याच्या उकाड्यात, आंब्याच्या दिवसांत, आहारावरचं व्याख्यान ऐकायला एवढी मंडळी आलीत याचं मला कौतुक वाटतं. आमरसाची दुसरी वाटी घेऊन आलेल्यांनी निर्धास्त बसावं. आज मी दुपारच्या जेवणाकडे वळणार नाही. माझा विषय पहाटेचा आहे.

सातारकर पहाटे दोनच ठिकाणी सापडतो, अंथरुणात नाहीतर अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर. माझा दवाखाना त्या वाटेवर असल्यामुळे गेली तीस वर्षं किल्ला उतरून येणारी माणसं जाता जाता एक प्रश्न माझ्याकडे टाकून जातात. "डॉक्टर, सकाळी निघताना काय खाऊन निघावं?" कुणी केळं सुचवलेलं असतं, कुणी भिजवलेले बदाम, कुणाच्या सुनेने मोबाइलवर काहीतरी वाचलेलं असतं. मी उलट विचारतो, "काल रात्री काय जेवलात?" लोकांना वाटतं, डॉक्टर विषय टाळतायत. पण माझ्या मते या प्रश्नाचं निम्म्याहून अधिक उत्तर तिथेच आहे.

आपण जे पोळी, भाकरी, भात खातो त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते आणि वापरून उरलेली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. साठवायच्या जागा दोन. एक यकृत. चांगलं जेवण झाल्यावर त्यात साधारण ८० ते १०० ग्रॅम साठा असतो. दुसरी जागा स्नायू, तिथे तीन-चारशे ग्रॅम मावतं. यकृत म्हणजे घराची सामाईक कोठी. कुणालाही लागलं की तिथून काढायचं. रात्री आपण झोपतो, पण मेंदू झोपत नाही. त्याला तासाला पाचेक ग्रॅम साखर लागते आणि ती या कोठीतून जाते. म्हणून पहाटे पाचला ही कोठी अर्ध्याहून अधिक रिकामी झालेली असते.

स्नायूंचं मात्र वेगळं आहे. स्नायू म्हणजे वाटण्या झालेल्या घरातला कंजूष भाऊ. त्याच्याकडे माल भरपूर, पण तो बाहेर देत नाही. साठ्यातली साखर रक्तात सोडायला जे विकर लागतं ते यकृताकडे आहे, स्नायूकडे नाही. त्यामुळे रात्रभर मेंदूने कितीही मागितलं तरी मांडीच्या स्नायूतला साठा जवळपास जसाच्या तसा राहतो. पहाटे चढ लागला की तोच कामाला येतो. तो भरला कशाने? काल रात्रीच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर भाताने. निघताना खाल्लेलं केळं मांडीत पोचून साठेपर्यंत तुम्ही किल्ला चढून खाली आलेले असता.

आता हिशेब करू. सत्तर किलोचा माणूस तासभर बऱ्या वेगाने चालला तर साधारण अडीचशे कॅलरी खर्च होतात. स्नायूंतल्या चारशे ग्रॅम ग्लायकोजेनची किंमत सोळाशे कॅलरी. शिवाय संथ चालीत शरीर मोठा भाग चरबीतून भागवतं, आणि चरबीचा तुटवडा या मंडपात तरी मला कुठे दिसत नाही. (हशा.) तेव्हा रात्री नीट जेवलेल्या, मधुमेहाची औषधं न घेणाऱ्या माणसाने चाळीस-पन्नास मिनिटं फिरायला जाताना एक पेलाभर पाणी प्यावं आणि निघावं. रात्रभर घामातून, श्वासातून पाणी गेलेलं असतं, ते भरायला हवं. खायची गरज नाही. भूक लागत असेल, पोटात खड्डा पडल्यासारखं होत असेल, तर अर्धं केळं किंवा दोन खजूर खुशाल खावेत. त्यात पाप नाही, पण पुण्यही नाही.

आपल्याकडे शेतकऱ्याची न्याहारी केव्हा होते ते आठवा. तो कोंबड्याच्या बांगेला उठतो, घोटभर चहा घेतो, औत जुंपतो. भाकरी, झुणका आणि कांदा घेऊन घरची बाई बांधावर येते तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असतं. आधी काम, मग न्याहारी. तालमीतही हाच क्रम. आपल्या जिल्ह्याला कुस्ती सांगायला नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, ते याच मातीतून. तालमीतली पोरं पहाटे चारला उठून जोर मारतात, बैठका काढतात, आखाड्यात लढतात. बदाम, खसखस, बडीशेप कुंडीत घोटून केलेली थंडाई बाहेर येते ती घाम पुसल्यानंतर. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दिलेलं दूध प्यायचं तेही मेहनत झाल्यावर. ज्याला आपण पैलवानाचा खुराक म्हणतो तो मेहनतीच्या आधी घेतला तर पैलवान पहिल्याच डावात ओकेल. सुश्रुतानेही व्यायाम कुणी करू नये त्यांच्या यादीत जेवून उठलेल्या माणसाला बसवलं आहे. कारण सरळ आहे. जोराची मेहनत सुरू झाली की पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं, आणि पोटातलं अन्न तिथेच खोळंबून राहतं.

हे मी पुस्तकातून शिकलो, पण पटलं ते अनुभवाने. त्रेचाळिसाव्या वर्षी दहा किलोमीटरच्या एका शर्यतीत मी नाव दिलं. सकाळी सौभाग्यवतींनी प्रेमाने पोहे केले. दाणे होते, वर ओलं खोबरं होतं. शर्यतीला चाळीस मिनिटं असताना मी ते दोन वेळा घेतले. चौथ्या किलोमीटरला पोहे परत आले, दाण्यांसकट. दोष पोह्यांचा नव्हता. तीन तास आधी आणि दाणे-खोबरं वगळून खाल्ले असते तर त्यांनी मला छान पळवलं असतं. तेलातुपाने आणि चोथ्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, एवढी साधी गोष्ट एमबीबीएस झालेल्या माणसाने ध्यानात ठेवली नव्हती.

रात्रीच्या ताटाबद्दल बोलायचं तर आपल्या घरातल्या बायकांबद्दल बोलावंच लागेल. दवाखान्यात पहाटे चक्कर आली म्हणून येणाऱ्यांत पन्नाशीच्या आसपासच्या बायका बऱ्याच असतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून नेमाने चालतात. रात्रीचं विचारलं की उत्तर येतं, "उरलेली अर्धी पोळी होती, ती दुधात कुस्करून खाल्ली." सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरलं ते तिचं जेवण. तिची कोठी रात्री भरलेलीच नसते, सकाळी रिकामी सापडली तर नवल कसलं? अशा बाईला मी पहाटेचं केळं लिहून देत नाही, रात्री सगळ्यांबरोबर बसून जेवायला सांगतो. माझ्या चिठ्ठ्यांपैकी सर्वांत कमी पाळली जाणारी चिठ्ठी हीच.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची पहाटही तशीच. आदल्या रात्री जेवण नाही, दिवसभरात भगर, रताळं जे काय पोटात गेलं असेल तेवढंच. त्या दिवशी पारणं आधी करावं, चालणं संध्याकाळी ठेवावं. आपल्या गावातली जैन मंडळी चौविहार पाळतात, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. त्यात नवकारशी धरली तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत तोंडात काही जात नाही. बारा-तेरा तास कोरडं राहून जोराचा व्यायाम करण्यापेक्षा नवकारशी झाल्यावर पाणी पिऊन निघावं, किंवा संध्याकाळच्या जेवणाआधी व्यायाम करावा. व्रतही मोडत नाही आणि माणूसही. मात्र रात्री नुसती काकडी-टोमॅटोची थाळी खाऊन पहाटे साडेपाचला जिममध्ये दोरीवरच्या उड्या मारणाऱ्यांचं व्रत कुठल्या देवाचं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांचं म्हणणं असतं, उपाशीपोटी व्यायाम केला की चरबी जास्त जळते. त्यात खोटं नाही. त्या तासाभरापुरती चरबी खरंच जास्त वापरली जाते. पण शरीर तासाचा नाही, दिवसाचा, आठवड्याचा ताळेबंद मांडतं. ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वीस तरुण मुलींवर हे पाहिलं. सगळ्यांना बेताचा आहार, निम्म्यांचा व्यायाम उपाशीपोटी, निम्म्यांचा खाऊन. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन आणि चरबी घटली, आणि गटागटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. प्रयोग लहान आहे हे कबूल. पण उपाशीपोटी जादू होते म्हणणाऱ्यांनी त्याहून मोठा आणावा. मध-लिंबू-कोमट पाण्याचंही तेच. प्या, घसा मोकळा होईल. चरबी वितळायची असती तर आईस्क्रीमवाल्यांनी मध फुकट वाटला असता. मोठ्या शहरांत बागांच्या दाराशी पहाटे दुधीच्या, कारल्याच्या रसाच्या गाड्या लागतात, त्यांच्याबद्दल मात्र गंमत करत नाही. दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाका. त्यातलं कुकुर्बिटासिन विषारी आहे, कडू रस औषधी असतो म्हणून तो गिळून लोक दगावले आहेत.

आता पळणारी मंडळी. तासाभराच्या पुढे किंवा जोराचं काम असेल तर गणित बदलतं. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी लागते. साठ किलोच्या माणसाने आपल्या हिल हाफ मॅरेथॉनचे २१ किलोमीटर पळायचे तर साडेबाराशेच्या आसपास, आणि तिथे पहिला अर्धा रस्ता यवतेश्वरचा घाट. २०१२ साली ही शर्यत सुरू झाल्यापासून माझे कितीतरी रुग्ण धावपटू झाले आणि काही धावपटू रुग्ण. अशा दिवशी कोठी भरूनच निघायला हवं. हिशेब तोंडपाठ होईल असा आहे. जितके तास आधी, तितके ग्रॅम कर्बोदकं, दर किलो वजनामागे. साठ किलोचा माणूस एक तास आधी खाणार असेल तर साठ ग्रॅम, म्हणजे दोन केळी आणि दोन लहान खजूर. दोन तास मिळाले तर एकशेवीस, म्हणजे मऊ भाताचं मोठं ताट, वर थोडा गूळ, तूप चमच्याच्या टोकावर. शिळ्या पोळीला गूळ लावून खाल्ला तरी चालतं, महागड्या पाकिटांवाचून काही अडत नाही. आणि नवीन पदार्थ शर्यतीच्या दिवशी कधीच नाही. सरावाच्या चार रविवारी जे पोटाने मुकाट घेतलं तेच खायचं.

ग्लुकोजचं पाणी ढोसून अर्धा-पाऊण तास ताटकळत उभे राहणारेही मी पाहतो. त्यात काहींची साखर आधी चढते, मग इन्शुलिनच्या मागोमाग उतरते, आणि शिट्टी वाजते तेव्हा पाय जड वाटतात. बहुतेकांचं दहा-पंधरा मिनिटांत सावरतं. पण ज्यांना हे होतं त्यांनी गोड एकतर बरंच आधी घ्यावं, नाहीतर अगदी निघताना.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी हायवेच्या कडेने पळताना तुम्ही रोज बघता. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर. काही मिनिटांचं काम, पण जीव काढणारं. त्याआधी ही पोरं मूठभर भिजवलेले हरभरे खातात, कारण गावातल्या कुणा पैलवानाने सांगितलेलं असतं. हरभरा उत्तम आहे, पण तो पळून आल्यावर. आधी खाल्ला तर तिसऱ्या फेरीला बरगडीखाली कळ, आणि पोटात जो वारा धरतो तो पाठीमागून ढकलणारा नसतो. निघताना एक केळं नाहीतर गुळाचा खडा पुरे.

मधुमेही मंडळींनी आता कान इकडे करावेत, कारण वर सांगितलेलं त्यांना जसंच्या तसं लागू नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर चालण्याने सहसा धोक्याइतकी उतरत नाही. इन्शुलिन घेणाऱ्यांची आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची उतरू शकते. ही गोळी न्याहारीबरोबर घ्यायची असते. "विसरायला नको" म्हणून ती पहाटे गिळून किल्ला चढायला निघालेले दोन गृहस्थ मला पायऱ्यांवर बसलेले सापडले आहेत, घामाने निथळत, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध. निघण्यापूर्वी घरच्या मशीनवर बघा. ९० च्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं खाऊन निघा, म्हणजे लहान-मोठं एक केळं. खिशात साखरेची पुडी हवी, तीन चमचे. बिस्किटं नकोत, त्यांतल्या तुपाने साखर उशिरा चढते. थरथर सुरू झाली की जागेवर बसा, साखर तोंडात टाका, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर छातीतली धडधड जाणवणार नाही, पण घाम फुटेल. त्या घामावर विश्वास ठेवा. आणि गोळीची वेळ बदलायची ती आपल्या डॉक्टरांना विचारून, माझं व्याख्यान ऐकून नव्हे.

अध्यक्षांनी हातात चिठ्ठी दिली आहे. अक्षर बायकी दिसतं, पण प्रश्न सार्वत्रिक आहे. "चहाचं काय?" मला वाटलंच होतं. कपभर चहात बेताचं कॅफीन असतं, ते रक्तात पुरतं चढायला पाऊण-एक तास लागतो, म्हणजे चहा तुम्हाला चालवायला नाही, अंथरुणातून उठवायलाच असतो. पोट जळत नसेल, छातीत आंबट येत नसेल, तर अर्धा कप घेऊन निघा. मी घेतो. आधी पेलाभर पाणी, मग चहा. उरलेला अर्धा कप झाकून ठेवत जाऊ नका, उतरून आल्यावर ताजा करून घ्या. आणि बाई, तुम्ही काल रात्री काय जेवलात?