खुनाचा खटला, लोकांची ओरड आणि आपला बचाव

(पनवेल येथे कार्यकर्ता शिबिरात एका वकील साथीने केलेले भाषण. बोलले तसेच, थोडे आटोपून देत आहोत. ज्यांना वाचता येते त्यांनी वाडीत मोठ्याने वाचून दाखवावे.)



दळीच्या जमिनीबद्दल, फॉरेस्टच्या दंडाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज खुनाच्या खटल्याबद्दल बोलायचं आहे. कारण जमिनीच्या भांडणात कुणाचा जीव गेला, तर पोलिसांची गाडी आधी आपल्या वाडीत येते. खून कुणी केला हे कळायच्या आधीच बाजारात, एसटीत, पेपरात ठरून जातं, की आदिवासींनीच मारला. अशा दिवशी काय करायचं ते आधीच ठरलेलं पाहिजे. त्या दिवशी डोकं चालत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. लोकांची ओरड वेगळी आणि कोर्टातला बचाव वेगळा. ओरड आपल्या बाजूने असली तरी बचाव लागतो आणि विरुद्ध असली तर जास्तच लागतो. तीन खटले सांगतो.

पहिला मुंबईचा. १९५९ साली नौदलात कमांडर नानावटी म्हणून बडा अधिकारी होता. प्रेम आहुजा नावाच्या माणसाशी आपले संबंध आहेत, असं त्याच्या बायकोने त्याला सांगितलं. नानावटी जहाजावर गेला, तिथून पिस्तूल घेतलं, आहुजाच्या घरी गेला. गोळ्या सुटल्या, आहुजा मेला. नानावटी स्वतःच पोलिसांत हजर झाला.

पुढे सगळी मुंबई त्याच्या बाजूने झाली. 'ब्लिट्झ' नावाचं साप्ताहिक दर अंकात त्याची बाजू मांडत होतं. कोर्टाबाहेर माणसांची रीघ लागली. त्या वेळी ज्युरीची पद्धत होती, म्हणजे नऊ नागरिक बसून दोषी की निर्दोष ते सांगत. त्यांनी आठ विरुद्ध एक मताने 'निर्दोष' सांगितलं. पण जज्जाला ते पटलं नाही, त्याने खटला हायकोर्टाकडे पाठवला. हायकोर्टाने साधा प्रश्न विचारला. बायकोने सांगितल्यावर लगेच रागाच्या भरात गोळी घातली का? नाही. मध्ये जवळजवळ तीन तास गेले. तेवढ्यात बायकापोरांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन पिस्तूल मिळवलं. मग हा अचानकचा राग कसा? जन्मठेप झाली. १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

म्हणजे गर्दीने सोडवलेला माणूस कागदाने पुन्हा पकडला. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीला माफी दिली. नानावटी पारशी, मेलेला आहुजा सिंधी. त्याच वेळी भाई प्रताप नावाच्या एका सिंधी व्यापाऱ्यालाही दुसऱ्या खटल्यात माफी मिळाली. दोन्ही समाजांचा तोल सांभाळला, असं लोक म्हणाले. आता सांगा, अंदर गेलेल्या कातकऱ्याला माफी मिळावी म्हणून कुठला पेपर लिहिणार आहे? त्याच्यासाठी राज्यपालाकडे कोण जाणार आहे? नानावटीचा रस्ता आपल्याला नाही.

दुसरा खटला गांधीजींच्या खुनाचा. एवढा राग या देशात दुसऱ्या कुठल्या आरोपींवर नसेल. महाराष्ट्रात तर ज्यांचा काही संबंध नाही अशा ब्राह्मणांचीही घरं जाळली गेली. तरी लाल किल्ल्यात खटला चालला, आरोपींना वकील होते, साक्षीदारांची उलटतपासणी झाली. त्या आरोपींत शंकर किस्तय्या नावाचा एक गरीब नोकर होता. मालक शस्त्रांचा धंदा करी, शंकर त्याच्या सांगण्यावरून सामान उचली. पुढे मालक माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला, नोकराला मात्र जन्मठेप झाली! अपिलात, १९४९ सालीच, हायकोर्टाने शंकरला सोडलं. मालकाने सांगितलं ते त्याने केलं, कटाची त्याला माहिती होती असं सिद्ध होत नाही, म्हणून.

लोकांच्या हाती दिला असता तर शंकर वाचला असता का? "अशा माणसाचं वकीलपत्र तुम्ही घेताच कसं?" असं वकिलांना नेहमी विचारतात. त्याचं उत्तर हा शंकर आहे. दहा आरोपींत एखादा असा असतो. आणि असा असतो तो बहुतेक वेळा गडीमाणूसच असतो.

तिसरा खटला आपला, इथून जवळच्या चिरनेरचा. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जंगल सत्याग्रहाला गेले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी मेले. त्यांत आपला नाग्या कातकरी होता. त्याच दिवशी तिथे मामलेदार जोशीही मेले. मामलेदारालाही गोळीच लागली आणि बंदूक गावकऱ्यांकडे नव्हती, असं त्या भागात आजही सांगतात. तरी आरोपीच्या पिंजऱ्यात गावकरीच उभे राहिले. सरकार विरुद्ध, साहेबाचे पेपर विरुद्ध. त्या खटल्यात गावकऱ्यांच्या बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. लोकांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत, वकीलही उभा केला. हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या कामाचं बोलू.

पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलंच पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून. का पकडलं ते त्याला सांगितलं पाहिजे, वकिलाला भेटू दिलं पाहिजे. हे घटनेच्या २२ व्या कलमात आहे. म्हणून माणूस नेला की त्याच दिवशी दोघांनी ठाण्यावर जायचं. किती वाजता नेलं, कुणी नेलं, कुणाच्या देखत नेलं, ते वहीत लिहायचं. मॅजिस्ट्रेटसमोर नेल्यावर मार लागला असेल तर तिथेच बोलायचं. नंतर सांगितलेलं कुणी मानत नाही.

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण यात एक मेख आहे. "आरोपीने दाखवल्यावरून कोयता सापडला" असा पंचनामा झाला, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून पंच म्हणून बोलावलं तर डोळ्यांनी पाहिलं तेवढ्यालाच अंगठा लावा, आधी वाचून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा कधीच नाही. साक्षीदार म्हणून पोलिसांनी जबानी घेतली तर त्या जबानीवर सही-अंगठा लागतच नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. खुनाचा खटला सेशन कोर्टात चालतो. तिथे आरोपी गरीब असेल तर सरकारच्या खर्चाने वकील द्यावा लागतो. १९८६ साली अरुणाचलच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की आरोपीने मागितला नाही तरी जज्जाने त्याला हा हक्क समजावून सांगितला पाहिजे. सरकारी खर्चाचा वकील मिळाला तर त्याला एकटा सोडू नका. त्याला वाडी माहीत नाही, पायवाट माहीत नाही. रात्री त्या वाटेवर माणूस ओळखू येतो का, हे तुम्हीच सांगू शकता. बचाव तिथेच असतो.

नव्वद दिवसांत पोलिसांनी आरोपपत्र दिलं नाही तर खुनाच्या आरोपीलाही जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज करावा लागतो. दिवस मोजत राहा. आणि जामीनदार म्हटलं की सात-बारा मागतात. पिढ्यान्‌पिढ्या दळी कसली तरी सात-बाऱ्यावर नाव नाही, म्हणून आपला माणूस आत सडतो. १९७९ साली बिहारचे असेच कैदी सुप्रीम कोर्टाने सोडले. गुन्ह्याला होती त्यापेक्षा जास्त वर्षं ते खटल्याविना आत होते. गरिबाला स्वतःच्या जातमुचलक्यावरही सोडता येतं, असं कोर्ट म्हणालं. ते मागा. जमिनीची लढाई आणि तुरुंगाची लढाई एकच आहे ती अशी.

शेवटी एक कडू गोष्ट. लोकमत बाहेरच्यांचंच वाईट असतं असं नाही. आपल्यातही एखाद्या विधवेला भुताळी ठरवतात. पोर तापाने मेलं, भगताने बोट दाखवलं, सगळी वाडी एका बाजूला. तिथे तिचा वकील कोण? तिचं ऐकून कोण घेतं? पोलिसाने आपल्याला न विचारता गुन्हेगार ठरवलं तर आपण चिडतो, आणि तिला आपण तसंच ठरवतो. आरोप झालेल्याची बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही, हा नियम आधी वाडीच्या बैठकीत पाळा. मग कोर्टात तो मागताना आपला आवाज कापणार नाही.

हे शिबीर संपायच्या आत प्रत्येक वाडीने दोन नावं द्या, एक बाई आणि एक बाप्या. वही त्यांच्याकडे राहील. आणि दर महिन्याला घरटी थोडे पैसे बाजूला पडू द्या, कोर्टाला जायच्या एसटीच्या भाड्यापुरते. तारखेला आपला माणूस पिंजऱ्यातून मागे वळून बघतो. तेव्हा वाडीचं कुणीतरी तिथे बसलेलं दिसलं पाहिजे.

जिंदाबाद.