गॅमा किरणांचा उगम

पावसाळ्यांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी चढलें, म्हणजे केवळ पातळीचा आंकडा पाहून त्यांत कृष्णेचें किती व कोयनेचें किती हें सांगतां येत नाहीं. दोन्ही नद्या वर सातारा जिल्ह्यांत, कऱ्हाडासच एक झालेल्या असतात. दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या गॅमा किरणांविषयीं ज्योतिःशास्त्रज्ञांपुढें असाच पेंच आहे.

सप्तर्षींच्या तारकासमूहांत, सुमारें ४० कोटी प्रकाशवर्षें दूर, ‘मार्केरियन ४२१’ नांवाची दीर्घिका आहे. तिच्या मध्यभागीं प्रचंड कृष्णविवर असून, तेथून निघालेला द्रव्याचा झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें आपल्याच दिशेस येत आहे. दृश्य प्रकाशाहून अब्जावधि पट ऊर्जेचे तिचे गॅमा किरण १९९२ सालीं प्रथम ओळखले गेले. १९९६ मध्यें एकदां त्यांची तीव्रता पाव तासाच्या आंत दुप्पट झाली. त्यावरून उगमाची जागा फार लहान असली पाहिजे हें उघड झालें.

हे किरण निर्माण कोण करतें? एक मत असें कीं, झोतांतील वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रांत गिरक्या घेतांना प्रकाश टाकतात, आणि त्याच प्रकाशकणांना पुन्हां टोला देतात. दांडूच्या टोल्यानें विटी उडावी, तसे ते कण गॅमा किरण होऊन निघतात. दुसरें मत असें कीं, हें काम जड प्रोटॉनांचें. क्षेत्राचें बळ, झोताचा वेग, कणांची संख्या यांचे आंकडे बसवून गणित मांडलें, तर पुष्कळदां दोन्ही पक्षांचा हिशेब जुळतो. परंतु हिशेब जुळला म्हणजे तो खरा ठरला असें नव्हे. दुसरा साक्षीदार हवा.

तो साक्षीदार म्हणजे न्यूट्रिनो. प्रोटॉनांच्या टकरींतून तो निघतो, केवळ इलेक्ट्रॉनांच्या खेळांतून नाहीं. २२ सप्टेंबर २०१७ रोजीं दक्षिण ध्रुवावरील ‘आइसक्यूब’ यंत्रानें असा एक कण टिपला. त्याच दिशेस, मृगाच्या तारकासमूहांत, एक दीर्घिका गॅमा किरणांत प्रखर झालेली आढळली. पुरावा मोलाचा, पण एका साक्षीनें खटला निकालांत निघत नाहीं.

यासाठीं अखंड पहारा हवा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें लडाखांत हान्ले येथें, सुमारें ४,३०० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण उभारली; ४ ऑक्टोबर २०२४ रोजीं तिचें उद्घाटन झालें. गॅमा किरण वातावरणावर आदळतांच क्षणार्धाहूनही अल्प काळ उमटणारी निळसर चमक ती टिपते. रेडिओलहरींपासून गॅमा किरणांपर्यंत एकाच वेळीं घेतलेल्या नोंदी जितक्या वाढतील, तितकी आंकडे हवे तसे बसविण्याची मोकळीक कमी होईल, आणि खोटें गणित आपोआप गळून पडेल.