शेवटच्या बाकापर्यंत वाय-फाय

गावोगावच्या शाळांत आता टॅब्लेट आले, भिंतीवर पडदा आला, आणि पुष्कळ ठिकाणी भारतनेटची फायबर तार ग्रामपंचायतीपर्यंत येऊन पोहोचली. त्यापुढचे काम उरते ते असे, की तारेतून आलेले इंटरनेट बिनतारी मार्गाने वर्गातल्या तीस-चाळीस मुलांच्या हाती द्यावयाचे. हे काम जे यंत्र करते त्याला अॅक्सेस पॉइंट म्हणतात. घरातल्या राउटरचा हा थोरला भाऊ. शाळा, कचेरी, दवाखाना अशा गर्दीच्या जागेसाठी तो केलेला असतो, आणि त्याची किंमतही तशीच असते. लोकवर्गणीतून पैसे उभे राहतात, दुकानदार चार डबे पुढे मांडतो, आणि प्रत्येक डब्यावर एकाहून एक मोठा आकडा छापलेला असतो. मग यांतला कोणता घ्यावा? आज आपण एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार करू.

शिक्षक बंधुभगिनींना एक चित्र सांगितले की पुरे होईल. एका खोलीत दोन वर्ग भरले आहेत. तिसरीचे गुरुजी बोलू लागले की चौथीच्या बाईंना थांबावे लागते. दोघेही एकदम बोलले तर कोणाचेच कोणाला कळत नाही. वाय-फायचे अगदी असेच आहे, बरं का! एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलावयाचे. बोलण्यापूर्वी कानोसा घ्यावयाचा, कोणी बोलत असेल तर थांबावयाचे, आणि हवा मोकळी झाली तरी लगेच तोंड न उघडता आणखी क्षणभर थांबावयाचे. हा क्षण प्रत्येकाचा निराळा असतो, म्हणून टक्कर टळते.

ही शिस्त एकाएकी आलेली नाही. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. तेथला नियम साधा होता. मनात येईल तेव्हा बोला. पोच आली नाही तर थोडे थांबून पुन्हा बोला. हिशेब केला तेव्हा दिसले की गर्दी झाल्यावर अशा रीतीने शंभरातला जास्तीत जास्त अठरा भाग वेळच कामी येतो, बाकीचा टकरीत किंवा रिकामा जातो. पुढे आधी कानोसा घेण्याची रीत आली, आणि १९९७ साली वाय-फायचे पहिले प्रमाण ठरले तेव्हा त्यात ती घातली गेली.

परंतु शिस्त फक्त आपल्या भाषेतल्या माणसाला लागू. हवेतला अडथळा तीन प्रकारचा असतो. पहिला, त्याच चॅनेलवरचा शेजारी. तो आपले ऐकतो, आपण त्याचे ऐकतो. वेळ वाटला जातो, पण काम चालते. दुसरा, अर्धवट अंगावर येणाऱ्या चॅनेलवरचा शेजारी. त्याची नुसती पुटपुट ऐकू येते, शब्द कळत नाहीत. तो थांबतही नाही आणि आपले बोलणे मात्र बिघडवतो. तिसरा प्रकार वाय-फाय नसलेल्या उपकरणांचा. मायक्रोवेव्ह भट्टी २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते, आणि जुने वाय-फायही त्याच पट्ट्यात असते. भारतात हा पट्टा २००५ साली ठरावीक शक्तीच्या साधनांना विनापरवाना मोकळा झाला. म्हणजे ही गावची सार्वजनिक विहीर आहे. कोणी पोहरा टाकला म्हणून तक्रार करता येत नाही.

ह्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी नेहमीची चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. शेजारशेजारच्या तीन वर्गांत तीन यंत्रे बसवावयाची तर एकेकाला एकेक द्यावे. ३ किंवा ४ क्रमांक मोकळा दिसतो म्हणून तेथे जाऊ नये. तो मोकळा नसतो, दोघांनाही अडवतो. ५००० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे, आणि २०१८ साली भारतात त्यातला मोठा भाग खुला झाला. तेथल्या लहरी भिंतीपलीकडे तितक्याशा जात नाहीत. वर्गापुरते पाहिले तर तो दोष नसून गुणच आहे. शेजारच्या वर्गाला त्रास कमी होतो.

आता डब्यावरचा आकडा पाहू. समजा, त्यावर ३००० लिहिले आहे. हा आकडा बहुधा बेरजेचा असतो : एका पट्ट्यातले ५७४ मेगाबिट आणि दुसऱ्यातले २४०२. एक टॅब्लेट एका वेळी एकाच पट्ट्यात बोलतो, म्हणजे बेरीज तेथेच फुटली. शिवाय २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्झ इतका रुंद रस्ता घेतल्यावर येतो. तेवढा रस्ता एका वर्गाने अडवला तर शेजारच्या वर्गांना काय उरणार? आणि रस्ता जितका रुंद, तितका गोंगाटही जास्त गोळा होतो. तोच टॅब्लेट २० मेगाहर्ट्झच्या अरुंद रस्त्यावर फार तर २८७ पर्यंत जातो, आणि थांबण्याचा, पोच देण्याचा वेळ वजा जाता त्यातला अर्धा-पाऊण भाग हाती पडतो. म्हणून आकडा खोटा नाही; पण तो आपल्या वर्गाचा नाही.

मग चांगले यंत्र ओळखावे कसे? एक छोटे गणित मांडू. पुढच्या बाकावरची मुलगी सेकंदाला १०० मेगाबिट घेऊ शकते. शेवटच्या बाकावरचा मुलगा, मध्ये भिंतीचा कोपरा असल्याने, १० च घेतो. यंत्राने दोघांना आळीपाळीने सारखे सामान दिले, तर १०० मेगाबिटांना मुलीचा एक सेकंद आणि मुलाचे दहा सेकंद लागतील. अकरा सेकंदांत दोघांचे मिळून २००, म्हणजे सेकंदाला जेमतेम १८. एका दुबळ्या जोडणीने सारा वर्ग खाली ओढला! उलट, यंत्राने सामान सारखे न देता वेळ सारखा दिला, तर मुलीला ५० आणि मुलाला ५ मिळतात. मुलीचे काम झटकन उरकते आणि उरलेला सारा वेळ मुलाला मोकळा होतो. हा शहाणपणा काही यंत्रांत असतो, काहींत नसतो, आणि डब्यावरच्या मोठ्या आकड्यात तो दिसत नाही.

दुसरा गुण गोंगाटातल्या वागण्याचा. टक्कर झाली की काही यंत्रे समजतात, समोरच्याला ऐकू येत नाही; आणि सावकाश बोलू लागतात. सावकाश बोलले की हवा जास्त वेळ अडते, टकरी आणखी वाढतात. चांगले यंत्र दूरचा दुबळा आवाज आणि जवळची टक्कर यांतला फरक बऱ्याच अंशी ओळखते. तसेच काही यंत्रे अडथळा दिसताच तास चालू असताना चॅनेल बदलतात, आणि मग मुलांच्या जोडण्या मध्येच तुटतात. वरची शक्ती वाढवूनही भागत नाही. यंत्र ओरडून बोलेल, पण टॅब्लेटचा बारीक आवाज त्याला ऐकू आला पाहिजे ना?

म्हणून माझे सांगणे असे, की पैसे देण्यापूर्वी दोन यंत्रे चार दिवस मागून घ्यावीत आणि भरल्या वर्गात तपासावीत. रिकाम्या वर्गात नव्हे. माणसाच्या शरीरात पाणी असते आणि ते लहरी शोषून घेते. दोन्ही यंत्रे एकाच जागी, एकाच उंचीवर, एकाच चॅनेलवर आणि एकाच रुंदीवर ठेवावीत. लोखंडी कपाटात कुलूप लावून तर मुळीच ठेवू नयेत. वेग इंटरनेटवर मोजू नये, नाहीतर बाहेरच्या तारेचा दोष यंत्राच्या माथी येतो. शाळेतलाच एक संगणक तारेने जोडून आयपर्फ ह्या मोफत सॉफ्टवेअरने मोजावे. आधी एक टॅब्लेट, मग सगळे एकदम. प्रत्येक बाकाचा आकडा फळ्यावर लिहावा. सरासरी काढून समाधान मानू नये, सर्वांत खालचा आकडा पाहावा. नंतर शेजारच्या खोलीत तिसरे एखादे यंत्र मुद्दाम त्याच चॅनेलवर चालू करून तेथे काही मुलांना चित्रफिती पाहावयास बसवावे, आणि पुन्हा मोजावे. हे सारे तीनदा करावे. सातवी-आठवीच्या मुलांकडूनच करवून घेतले तर विज्ञानाचा एक तासही होऊन जाईल.

समजा, पहिल्या यंत्राने शांततेत एकंदर ३०० दिले आणि गोंगाटात ४०. दुसऱ्याने शांततेत २२० आणि गोंगाटात १३०. डब्यावर पहिला मोठा दिसेल. वर्गात दुसराच कामाचा.

श्रोतेहो, शेवटच्या बाकावर ज्या मुलाच्या पडद्यावर चक्र नुसते फिरत राहते, तो यंत्राला दोष देत नाही. आपल्यालाच काही येत नाही असे त्याला वाटू लागते, आणि हळूहळू तो टॅब्लेट शेजाऱ्याकडे सरकवून देतो. लोकवर्गणी देताना त्याच्या आईबापांनीही आपला वाटा उचललेला असतो. तेव्हा यंत्राची परीक्षा दुकानाच्या फळीवर नको, त्या बाकावर बसून घ्या.