घरातला मृत्यू आणि गावातला निवाडा

(नभोवाणीवरील भाषण)

डिसेंबर 2024 च्या अखेरीस आपल्या परभणी शहरात एका तरुण विवाहितेचा जळून मृत्यू झाला आणि, तिसरेही अपत्य मुलगीच झाल्याच्या रागातून पतीनेच तिला पेटवले, अशी फिर्याद तिच्या नातलगांनी पोलिसांत दिली. पतीस अटक झाली. तो आरोप शाबीत होतो की नाही हे साक्षीपुरावा ऐकून ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, म्हणून त्या प्रकरणाविषयी मी येथे अधिक काही बोलणार नाही. परंतु अशी वार्ता कानी पडल्यापासून निकालाचा दिवस उजाडेपर्यंत जो दीर्घ काळ जातो, त्या काळात मोंढ्यावर, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या बाकावर आणि आता तर प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवर आपण सगळे मिळून जो दुसरा एक खटला चालवतो, ज्यात फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असतो आणि आरोपीला मात्र वकील नसतो, त्या खटल्याविषयी आज चार शब्द बोलावेत अशी माझी इच्छा आहे.

पत्नी किंवा मुले घरात मृत्यू पावली की लोकांची दृष्टी प्रथम पतीकडे वळते, यात अस्वाभाविक असे काही नाही. चार भिंतींच्या आतले मरण बाहेरच्या जगाला दिसत नाही. तेथे कोण होते, हा पहिला प्रश्न पडतो. आणि तपास अंमलदारसुद्धा आपल्या चौकशीचा आरंभ घरापासूनच करतो. शिवाय सासरी छळ सोसून मेलेल्या लेकींची संख्या आपल्या समाजात इतकी मोठी आहे की, हा संशय निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी सुजाण माणूस करणार नाही. भेद आहे तो एवढाच की, तपास अंमलदार संशयापासून निघतो आणि पुराव्याच्या शोधात पुढे जातो, तर लोक संशयापाशी येतात आणि तेथेच निवाडा देऊन मोकळे होतात.

या निवाड्याची शक्ती किती विलक्षण असते, हे आपल्या जिल्ह्याइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. 1972 च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळत असताना, त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून जानेवारी 1974 पर्यंत, मानवत येथे एकामागून एक दहा खून झाले, आणि त्यांत बळी पडल्या त्या बहुतांशी स्त्रिया आणि कोवळ्या मुली. गुप्तधनासाठी नरबळी दिले जात आहेत, ही वार्ता पंचक्रोशीत पसरली. लोक दिवसाउजेडीही लेकरांना घराबाहेर सोडीनासे झाले. आणि अखेर मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारख्या निष्णात अधिकाऱ्याला तपासासाठी येथे यावे लागले. गावचे नगराध्यक्षपद भूषवलेला एक गृहस्थ आणि त्याच्यासमवेत राहणारी स्त्री यांना या कटाचे सूत्रधार म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. परभणीच्या सत्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. परंतु माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला जी स्वतंत्र पुष्टी लागते ती या दोघांपुरती मिळत नाही, असे पाहून उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आणि 1977 साली न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्राने सर्वोच्च न्यायालयातही ती मुक्तता कायम राहिली. अन्य काही आरोपींची शिक्षा मात्र कायम झाली. गुन्हा उघडकीस आणण्याच्या उत्साहात पोलिसांना बळाचा वापर करण्याचा मोह होतो, हा इशाराही त्याच निकालपत्रात आहे, आणि तो त्या काळच्या लोकक्षोभाच्या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचे मोल अधिक कळते. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिल्याला आता जवळजवळ पन्नास वर्षे होत आली; या कथेवर 1981 साली ‘आक्रीत’ हा चित्रपट निघाला, 2024 साली मालिका निघाली; आणि तरीही मानवतचे नाव काढताच सुटलेल्यांची नावे सूत्रधार म्हणून आजही निःशंकपणे उच्चारली जातात. लोकांच्या न्यायालयात अपील नसते, हे त्याचे सर्वांत भयंकर वैशिष्ट्य होय.

परभणीच्या एका बाजूस बीड आणि दुसऱ्या बाजूस नांदेड. या दोन्ही जिल्ह्यांच्या लेकींच्या मृत्यूवरून सर्वोच्च न्यायालयाने दिलेले दोन निकाल आज देशभरच्या न्यायालयांत मार्गदर्शक म्हणून वाचले जातात, आणि ते दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय कायद्याचा या बाबतीतला विचार पुरता ध्यानात येत नाही.

बीडची एक मुलगी फेब्रुवारी 1982 मध्ये विवाह होऊन पुण्याला गेली आणि जूनमध्ये, म्हणजे अवघ्या चार महिन्यांत, विषाने मृत्यू पावली. विष सायनाइडचे होते. पती रसायनांच्या व्यवसायातला होता. आणि सासरचे दुःख सांगणारी तिची पत्रे बहिणीला व मैत्रिणीला आलेली होती. लोकांना याहून अधिक पुरावा कशाला हवा? सत्र न्यायालयाने पतीला फाशी फर्मावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि 1984 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. कारण तीच पत्रे नीट वाचता, त्या दुःखी मुलीने स्वतःच जीव दिला असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. निर्दोष सुटलेल्या त्या माणसाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. न्यायमूर्ती फजल अली यांनी त्या निकालपत्रात परिस्थितिजन्य पुराव्याची जी पाच तत्त्वे मांडली, त्यांना वकीलवर्गात पंचशील म्हणतात: प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे शाबीत व्हावी, त्या सर्व परिस्थिती केवळ आरोपीच्या अपराधाशीच जुळाव्यात, त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात, अपराधाखेरीज अन्य प्रत्येक शक्यता त्यांनी दूर सारावी, आणि पुराव्याची साखळी कोठेही तुटलेली नसावी. संशय कितीही बळकट असला तरी तो पुराव्याच्या आसनावर बसू शकत नाही, हे या पाचही तत्त्वांचे सार आहे.

हे ऐकून कोणी उद्वेगाने म्हणेल की, मग घराचे दार लावून पत्नीला मारणाऱ्याला शिक्षा व्हायची कशी? त्याचे उत्तर नांदेडकडच्या खटल्यात आहे. 1996 साली त्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात एक विवाहिता मरण पावली आणि तिला साप चावला असे घरच्यांनी सांगितले. शवविच्छेदनात मात्र गळा दाबल्याचे निष्पन्न झाले. सत्र न्यायालयात पती खुनाच्या आरोपातून सुटला होता. पण उच्च न्यायालयाने त्यास दोषी धरले, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम करताना स्पष्ट सांगितले की, घराच्या एकांतात गुन्हा घडला असेल तेव्हा आत असलेल्यांनी त्या मृत्यूचा समाधानकारक खुलासा करणे हे त्यांचे दायित्व आहे, आणि मौन किंवा खोटा खुलासा ही त्यांच्याविरुद्धच्या साखळीतली आणखी एक कडी ठरते. विवाहापासून सात वर्षांच्या आत हुंड्याच्या छळातून संशयास्पद मृत्यू झाल्यास पतीविरुद्ध अनुमान धरण्याची तरतूदही 1986 पासून कायद्यात आहे. कायदा दुबळा नाही. सर्पदंशाची बतावणी उघडी पडली ती शवविच्छेदनाच्या टेबलावर. गावाच्या तर्काने नव्हे.

आणि हे तर्क केवळ जिवंतांवरच अन्याय करतात असेही नाही. जून 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे दोघा भावांच्या घरांत मिळून नऊ माणसे मृत आढळली, आणि कर्जाला कंटाळून त्या भावांनी आपल्या कुटुंबांसह विष घेतले, असे सर्व महाराष्ट्र त्या दिवशी बोलत होता. आठ दिवसांच्या आत पोलिसांनी सोलापूरच्या दोघांना अटक केली, ती गुप्तधनाच्या व्यवहारातून या सर्वांना विष देऊन मारल्याच्या आरोपावरून. जानेवारी 2023 मध्ये दौंड तालुक्यात भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातील सात प्रेते सापडली. मूळचे आपल्या मराठवाड्यातले, मजुरीसाठी तिकडे गेलेले ते लोक. मुलाच्या वर्तनामुळे समाजात मान खाली गेली म्हणून बापाने पत्नी, लेक, जावई आणि तीन चिमुकल्या नातवंडांसह नदीत उडी घेतली, अशी कथा लगोलग छापून आली, आणि सहृदय माणसांनीही त्या बापाला कठोर शब्द वाहिले. पुढे त्यांच्याच भावकीतल्या माणसांना सूडबुद्धीने केलेल्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. त्या आरोपांचे जे व्हायचे ते न्यायालयात होईल; पण ज्या कुटुंबप्रमुखांना आपण आपल्याच माणसांचे मारेकरी ठरवले, ते स्वतःच कोणाच्या हातून मारले गेले असावेत, ही शक्यता आपल्या मनाला शिवलीही नव्हती. मृताला कैफियत देता येत नाही. म्हणून त्याच्याविषयी बोलताना तर जिभेला दुप्पट आवर हवा.

आता जी गोष्ट सांगावयाची ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुष्कळांची अशी समजूत असते की, आपण आरोपीविरुद्ध जितके तारस्वराने बोलू तितके मृत स्त्रीला न्याय मिळण्यास साहाय्य होईल. प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट. वार्ता ऐकताच घरात शिरणारा जमाव पंचनामा होण्यापूर्वीच पावलांचे ठसे पुसतो, भांडी हलवतो, दाराची कडी आतून होती की बाहेरून हे कायमचे अनिश्चित करून टाकतो. संशयिताचे छायाचित्र मोबाइलवर गावभर फिरले की, पुढे ओळखपरेडीत साक्षीदाराने केलेल्या ओळखीला किंमत राहत नाही. शेजारणीने रात्री भांडणाचा आवाज खरोखरच ऐकलेला असतो, पोलिसांनी तेवढाच तिचा जबाब नोंदवलेला असतो. पण महिनोन्‌महिने गावाची चर्चा कानावर आदळून आदळून, साक्ष देण्याच्या दिवशी तिच्या मनात त्या आवाजाला शब्द फुटलेले असतात, धमकी आलेली असते, पाहिलेले आणि ऐकलेले एकमेकांत मिसळलेले असते. उलटतपासणीत वकील तिला विचारतो की, हे पोलिसांना का सांगितले नाही; आणि तिच्या साक्षीतला वाढीव भाग कोसळताना अस्सल भागही आपल्याबरोबर घेऊन जातो. अफवेमुळे निरपराध माणूस बदनाम होतो हे तर खरेच. पण अपराधी माणूस सुटतो तो पुष्कळदा त्याच अफवेच्या आधाराने, हे आपण ध्यानात घेत नाही. ज्याला त्या मृत स्त्रीविषयी खरी कळकळ आहे, त्याने आपल्याला ठाऊक असलेले सारे, आणि तेवढेच, पोलिसांना सांगावे, न्यायालयात शपथेवर सांगावे, फितूर होऊ नये, आणि इतरत्र मौन पाळावे.

याखेरीज त्या घरात मागे राहिलेली लेकरे असतात. आई गेलेली, बाप कच्च्या कैदेत, आणि शाळेच्या वाटेवर प्रत्येक तोंडी आपल्याच घराची कथा. त्या मुलांनी कोणाच्या नजरेला नजर द्यावी? बाप दोषी ठरो वा निर्दोष, त्यांचा तर काहीच अपराध नाही. आणि तरीही गावाच्या निवाड्यातली सर्वांत दीर्घ शिक्षा बहुधा त्यांनाच भोगावी लागते.

तथापि मौनाचा हा उपदेश येथेच थांबवला तर तो अपुरा आणि अन्यायाचा होईल. कारण आपला खरा दोष पुष्कळ बोलण्यात नसून अवेळी बोलण्यात आहे. बीडच्या त्या मुलीची पत्रे मृत्यूनंतर तीन न्यायालयांनी अक्षर न्‌ अक्षर वाचली, परंतु ती लिहिली गेली होती मृत्यूपूर्वी. प्रत्येक वेळी प्रेत उचलल्यानंतर निदान दहा माणसे तरी म्हणतात की, ‘आम्हाला ठाऊक होते, त्या घरात रोजच मारहाण होत असे.’ ठाऊक होते तर ते त्या दिवशी का सांगितले नाही? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याला खबर देण्याचा अधिकार केवळ पीडितेला नव्हे, तर असा छळ होत आहे असे सकारण वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला दिला आहे, आणि सद्‌भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्या व्यक्तीवर दिवाणी वा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही, असे त्याच कलमात नमूद केले आहे. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या प्रसंगी 112 हे दूरध्वनी क्रमांक आहेत. दुसऱ्याच्या घरात कशाला पडा, हा संकोच ज्यांना आयुष्यभर ओठ उघडू देत नाही, त्यांचाच तो संकोच अंत्ययात्रेच्या दिवशी कोठे जातो, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

तेव्हा, श्रोतेहो, माझी आपणा सर्वांस विनंती एवढीच आहे. शेजारच्या घरातली लेक-सून जिवंत असताना तिच्यासाठी निर्भयपणे बोला. माहेरी आलेल्या मुलीला ‘जरा सोसून घे’ असे सांगून परत पाठवण्यापूर्वी तिचे सारे म्हणणे ऐकून घ्या. तिसऱ्या मुलीच्या जन्मावरून कोणी टोमणा मारला तर त्याला तेथल्या तेथे अडवा. आणि दुर्दैवाने मृत्यू घडलाच, तर त्यानंतर जे बोलायचे ते शपथेवर, न्यायाधीशासमोर, स्वतः पाहिले तेवढेच बोला.