दुखणं किती वाजता सुरू झालं?

खेड्यापाड्यांत प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

बोर धरणाच्या वाटेवरच्या हिंगणीत आपल्याला एकत्र आणून आयोजकांनी माझं अर्धं काम केलं आहे. इथल्या माणसाच्या छातीत कळ आली की आधी ‘गॅस झाला’ म्हणून सोडा, मग सेलू, मग वर्ध्याजवळचं सेवाग्राम नाहीतर सावंगी, आणि ऐपत असली तर नागपूर. म्हणजे रुग्ण हाती लागतो तो उशिराच. आजचा विषय या उशिरा आलेल्यांचाच आहे: झटक्यानंतर हृदयाचा जो भाग हलत नाही, तो मेलाय की नुसता उपाशी आहे?

इको सांगतो ते इतकंच, की भिंत हलत नाही. रक्त कमी पडलं म्हणून काम थांबवलेला स्नायू वाट मोकळी झाल्यावर पुन्हा आकुंचन पावू शकतो. व्रण झालेला स्नायू मात्र पुन्हा आकुंचन पावत नाही. हे ओळखायला एमआरआय उत्तम, त्यात वाद नाही. पण बराच वेळ आडवं पडून पुन्हा पुन्हा श्वास रोखायचा, हे दम लागलेल्या माणसाला कुठून जमणार? आणि पेसमेकर असला की अडचणी आणखी वाढतात.

सीटीत श्वास काही सेकंदच रोखावा लागतो. शिवाय रक्तवाहिन्या पाहण्यासाठी आयोडीनचा डाय दिलेलाच असतो. जिवंत पेशीचं आवरण त्याला आत घेत नाही. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं, म्हणून तो आत शिरतो. जुन्या व्रणात पेशींबाहेरची जागाच वाढलेली, म्हणून तिथे रेंगाळतो. पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा स्कॅन केला की मेलेला भाग उजळ दिसतो. त्या उजळ भागाच्या पोटात काळा डाग दिसला तर समजावं, बारीक रक्तवाहिन्याही बुजल्या आहेत. लक्षण चांगलं नाही. २००६ साली जॉन्स हॉपकिन्सच्या अल्बर्ट लार्डो आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या हृदयांवर हे पडताळून दाखवलं.

स्नायू आतल्या थरापासून मरत बाहेर येतो. जाडीच्या निम्म्याहून जास्त व्रण असेल तर तो भाग सुधारण्याची आशा थोडी, हे एमआरआयच्या अभ्यासांतून आलेलं माप सीटीवाले वापरतात. मात्र सीटीतला हा उजेड फिका असतो. किलोव्होल्ट ऐंशीपर्यंत उतरवले तर आयोडीन उठून दिसतं. नेहमीच्या सेटिंगवर उरकलेल्या दुसऱ्या फेरीत बऱ्याचदा रुग्णाला नुसतं जादा रेडिएशन मिळतं. क्रिएटिनिन न बघता डाय देण्याबद्दल तर बोलायलाच नको.

आता जरा कडू बोलतो. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या रिव्हाइव्हड चाचणीचा निकाल आला. हृदयाचं पंपिंग फार कमी झालेले, पण स्नायू जिवंत असल्याचं तपासून घेतलेले ७०० रुग्ण. औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केली, तरी मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठीची भरती यांत नुसत्या औषधांच्या तुलनेत फरक पडला नाही. ताज्या झटक्याचे रुग्ण त्यात नव्हते, हे खरं. तरी ‘स्नायू जिवंत, म्हणून स्टेंट’ असा हिशेब मांडणाऱ्यांनी तो निकाल वाचावा. माझ्या मते सीटीचा मोठा उपयोग उलट बाजूने आहे: भिंत पूर्ण मेलेली दिसली, तर जमीन गहाण ठेवायला निघालेल्या घराला ‘थांबा’ म्हणता येतं.

आणि सीटीचं वाचन तुमच्या चिठ्ठीवर अवलंबून आहे. पहिल्या काही दिवसांत सूज असते, त्यामुळे मेलेला भाग आहे त्याहून मोठा दिसू शकतो. पुढच्या आठवड्यांत तो आकसतो. झटका कालचा की महिन्यापूर्वीचा, हे ठाऊक नसेल तर रिपोर्ट म्हणजे अंदाज. ‘चेस्ट पेन, रेफर्ड’ एवढ्यावर मी काय वाचू? रुग्णाला विचारा; घड्याळ आठवत नसेल तर दूध काढायच्या आधी की नंतर, ते विचारा. चिठ्ठीवर दुखणं सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं असल्यास त्याची वेळ आणि क्रिएटिनिन, एवढं लिहून पाठवा. उद्याच्या पहिल्या रुग्णापासून.