गळलेल्या पानांचं झाड

मी गडमुडशिंगीची. आमचं गाव उसाच्या शिवारातलं, परड्यात चिंच आहे, पेरू आहे. तरी माझ्या पाच वर्षांच्या नातीला झाड काढ म्हटलं, तर तिनं काढलं काय? तपकिरी दांडा आणि वर हिरवा ढग.

मी तिला परड्यात नेलं. चिंचेच्या बुंध्यावर कागद धरला, तिनं मेणखडू आडवा घासला. भेगाळलेली साल कागदावर भराभरा उमटली. पेरूवर तेच केलं, तर काहीच उठेना. तिनं खोडावर तळवा फिरवला. "आज्जी, हे तर गुळगुळीत हाय!" चिंचेचा तो कागद कापून आम्ही खोड केलं आणि त्याच्या वरच्या बाजूला गळून पडलेली पानं चिकटवली. फक्त पडलेली, तोडायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

पिंपळाच्या पानाची जाळी करायला मात्र धीर लागतो. गळलेलं पान पाण्यात बुडवून ठेवायचं. डास होऊ नयेत म्हणून झाकण घट्ट हवं, आणि पाणी अधूनमधून बदलायचं. तीन-चार आठवड्यांत जिवाणू पानाचा मऊ भाग कुजवतात, चिवट शिरा तेवढ्या टिकतात. मऊ ब्रशनं हलकेच गर काढला की हातात जाळी येते. नात रोज विचारायची, "कुजलं का?" घाणेरड्या वासाचं तिला काहीच वाटलं नाही.

आम्ही लहानपणी जोंधळ्याच्या ताटाची बैलगाडी करायचो. आतल्या भेंडात सालीची चोय खुपसली की गोंद लागत नाही. चोय हात कापते, म्हणून ताट मोठ्यांनीच सोलावं. कण्हेर आणि गुंज तर मुलांच्या हाती देऊच नका, दोन्ही विषारी. अगदी लहानांना चिंचोकेही नकोत, ते नाकात घालतात.

भोवतालच्या वस्तूंतून शिकवणं हे काही नवं नाही. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीनं, पानं, बिया, खडे, शंख-शिंपल्यांतून बालशिक्षण उभं केलं. विकतच्या साहित्यावाचून अडलेल्या पाड्यांवर ते पोहोचलं, याचं मला फार मोल वाटतं.

उद्या सालीचा ठसा करून बघा. कागद पातळ घ्या, जाड कागदावर साल उठत नाही. आणि खडू मुलाच्याच हातात राहू द्या.